माजी सैनिकांचा योगा-ध्यान क्लास, विजापूर रोड: आमच्या घरचा अनुभव

सोलापुरात विजापूर रोडला कंबर तलावाच्या अलीकडं एका हॉलमध्ये माजी सैनिकांसाठी सकाळी योगा आणि ध्यानाचा क्लास चालतो. आमचे मिस्टर नायब सुभेदार म्हणून रिटायर झालेत, पावसाळ्यापासून तिथं जातात म्हणून लिहितेय. त्याआधी दुसरीकडं नाव घातलं होतं, तर तिथं पहिल्याच दिवशी लाईट बंद, डोळे मिटा, आडवं पडा, आणि शिकवणाऱ्या बाईंनी मागून येऊन खांदा दाबला, हे तडक उठून घरी आले आणि नंतर योगाचं नाव काढू देईनात. काश्मीरात कुपवाड्याला ड्युटी केलेल्या माणसाला असा पाठीमागून हात लावायचा नसतो हो.

इथले सर स्वतः फौजेतले, सगळा फरक तिथंच पडतो. भिंतीला पाठ लावा, दाराकडं तोंड करून बसा, डोळे उघडे राहिले तरी चालेल, नजर जमिनीवर टेकवा म्हणतात. आडवं नको वाटलं तर खुर्ची आहे. विचारल्याशिवाय कुणाला हात लावत नाहीत. श्वास ४ मोजून घ्यायचा आणि ६-८ मोजून सोडायचा, सोडताना नाडी जरा हळू होते म्हणून सोडणं लांबवायचं, हे मनगटावर बोट ठेवून दाखवतात, आणि फौजी माणसाला कारण कळलं की तो मनापासून करतो. शेवटी योगनिद्रा असते, म्हणजे सर बोलत जातात तसं जागेपणी एकेक अंग सैल सोडायचं. अमेरिकेत वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलमध्ये २००६ साली सैनिकांवर योगनिद्रेचा अभ्यास झाला होता, हे सरांनी सांगितल्यावर मिस्टर पण मन लावून करायला लागले.

गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असलं की हे दरवर्षी खिडक्या लावून आत बसायचे. यंदा सरांनी आधीच सगळ्यांची तयारी करून घेतली, पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, आवाज कुठून येतोय, आपण कुठं आहोत ते मनात म्हणायचं. थोडाच वेळ पण गच्चीवर आले माझ्याबरोबर, मला लई बरं वाटलं.

कमी काय तर हॉल वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी जिने कसे चढायचे? बायकांना महिन्यातून एकदाच बोलावतात, ते पुरत नाही, कारण रात्री दचकून उठलेल्या माणसाजवळ घरात आपणच असतो, आपल्याला पण शिकायला पाहिजे ना.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर बंद करू नका, हे सर पण बजावून सांगतात. फार त्रास होत असेल तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, आणि १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजमध्ये फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळा सेल पण आहे.

क्लासला सुरुवातीला फी घेत नाहीत, आधी जाऊन बघा. मॅट आपली घेऊन जा, तिथं कमी पडतात.