अनेरच्या काठावरचे तंबू आणि खोटं परवानगीपत्र

काल रात्री व्हॉट्सॲपवर तोच फोटो पुन्हा दिसला. निळ्या पाण्याच्या काठी तीन पिवळे तंबू, शेजारी शेकोटी, मागे डोंगर. खाली लिहिलंय, ‘तोरणमाळ ट्रेकिंग, कॅम्पिंग, फिशिंग, दोन रात्री’. मागच्या डिसेंबरात याच फोटोखाली ‘अनेर धरण’ लिहिलेलं होतं. त्यावर विश्वास ठेवून मी सत्तरीतल्या वडिलांना आणि दोन लहान पोरांना घेऊन गेलो, आणि रात्री साडेनऊला कडाक्याच्या थंडीत त्यांना जंगलातून बाहेर काढावं लागलं. नाव नवं आहे, नंबर नवा आहे, माणूस तोच आहे. खानदेशातल्या कुणी पैसे भरायच्या आत हे वाचावं, म्हणून घडलं तसं लिहितोय.

आम्ही अमळनेरचे. अण्णा तरुणपणी तापीवर गळ टाकायला जायचे. कणकेत शेंगदाण्याची ढेप कालवून गोळी कशी वळायची, दोरीला झटका कधी द्यायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. माझा मुलगा नऊ वर्षांचा झाला तरी त्याने गळ हातात धरला नव्हता. आजोबा आणि नातू दोघं एका काठावर बसलेले बघायचे होते, एवढीच माझी हौस. जाहिरातीत ‘फिशिंग’ हा शब्द नसता, तर मी फोनही केला नसता.

माणूस बोलायला गोड. मोठ्यांचे माणशी २,८००, लहानांचे निम्मे. आम्ही पाच मोठे, दोन मुलं, म्हणजे १६,८०० रुपये. निम्मे आगाऊ मागितले, मी ८,४०० पाठवले. दोन दिवसांनी म्हणाला, वनविभागाची परवानगी फी वेगळी, माणशी ५००. तेही दिले. मग तीन गळांचा मासेमारी परवाना १,८००. मग तंबूचं डिपॉझिट ३,०००, ‘परत मिळणारं’. एकदम १६,७०० मागितले असते, तर मी चार ठिकाणी चौकशी केली असती. त्याने चार हप्त्यांत मागितले आणि प्रत्येक वेळी रक्कम अशी ठेवली, की आता एवढ्यासाठी कशाला अडायचं असं वाटावं. पैसे गेले ते नावही त्याचं नव्हतं. ‘मिसेसचं खातं आहे’ म्हणाला.

अण्णा तेव्हाच म्हणाले होते, “पह्यले पावती देख, मंग पैसा दे.” मी त्यांना मोबाईलवर परवानगीपत्र दाखवलं आणि ते गप्प झाले.

त्या पत्राबद्दल नीट सांगतो, कारण आमचा घात त्यानेच केला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, हिरव्या शाईची सही. आता पुन्हा उघडून बघतो तेव्हा एकेक गोष्ट दिसते. जावक क्रमांकाची जागा कोरी. तारखेची अक्षरं बाकी मजकुरापेक्षा ठळक. ‘अभयारण्य’ हा शब्द तीनदा आला आहे आणि तिन्हीदा ‘अभयारन्य’ असा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पत्रात यावल अभयारण्य आणि जळगाव जिल्हा लिहिलं होतं, आणि आम्ही चाललो होतो अनेर धरणावर. अनेर धरण अभयारण्य धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात येतं. दोन्ही अभयारण्यं सातपुड्याच्या कुशीत आहेत म्हणून ती एक होत नाहीत. फोटोचंही तेच. तंबूंच्या मागच्या उतारावर सरळसोट पाइनची झाडं आहेत. आपल्या सातपुड्यात साग आहे, सालई आहे, अंजन आहे, पळस आहे. पाइन कुठून येणार? इथे जन्म काढलेल्या माझ्या हे ध्यानात यायला हवं होतं. मला ते पाणी आणि काठावरचा नातूच दिसत होता.

शनिवारी दुपारी दोन गाड्यांनी निघालो. तापी ओलांडून चोपड्याला पोचलो. तिथे तो भेटला, उरलेले ८,४०० रोख मोजून घेतले आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने आमच्या पुढे निघाला. पुढे कच्च्या वाटेला वळलो. वाटेत एकही नाका लागला नाही. परवानगी घेऊन जाणारा माणूस नाका सोडून आडवाटेने का नेतो, हे मी विचारलं नाही.

काठावर दोन पावरा आदिवासी पोरं तंबू ठोकत होती. चार तंबू, त्यातल्या दोन तंबूंची चेन तुटलेली. तरीही जागा सुंदर होती हे मी नाकारणार नाही. सूर्य डोंगराआड जाताना पाणी तांबूस झालं होतं, आणि अण्णांनी नातवाच्या हातात गळ देऊन त्याचा अंगठा दोरीवर कसा ठेवायचा ते दाखवलं. सातच्या सुमारास तो माणूस म्हणाला, “स्वयंपाकी आणि गॅस घेऊन येतो, अर्ध्या तासात.” गेला तो गेलाच. फोन बंद. आम्ही घरून आसोद्याची भरताची वांगी नेली होती, कळण्याच्या भाकरीही होत्या. पोरांनी काटक्या पेटवल्या आणि वांगी भाजायला टाकली.

नवाच्या आसपास बॅटरीचे झोत आले. वनरक्षक आणि त्यांच्यासोबत एक मजूर. मी घाईघाईने ते पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मोबाईल परत दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, तुम्हले कोन्ही तरी फसाडं.” मग त्यांनी समजावून सांगितलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवान्याशिवाय अभयारण्यात शिरणंच गुन्हा, मुक्काम तर दूरच. शेकोटी पेटवली, गळ टाकला, म्हणजे आणखी भर. इथे बिबट्या फिरतो, अस्वल फिरतं, आणि तुम्ही तुटक्या चेनच्या तंबूत लेकरं झोपवता?

त्यांनी आमची नावं-पत्ते लिहून घेतले आणि शेकोटीवर पाणी ओतायला लावलं. वांगी एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्चीच, राखेच्या चिखलात पडली. शालकाची सात वर्षांची मुलगी झोपेतून उठून रडायला लागली. अण्णांना धरून गाडीपर्यंत नेताना त्यांचा हात बर्फासारखा लागत होता. ते वाटेत काहीच बोलले नाहीत. त्या माणसाने घेतलेल्या २५,१०० रुपयांपेक्षा मला ते न बोलणं जास्त लागलंय. वनरक्षकांनी आमच्यावर गुन्हा दाखल केला नाही, रस्त्यापर्यंत पुढे चालत वाट दाखवली, हे त्यांचे उपकार. प्रत्येकाला असे भेटतील असं नाही. कागद खोटा होता हे आपल्याला माहीत नव्हतं, हे सिद्ध करत बसायची पाळी आपल्यावरच येते.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. ‘गैरसमज झाला, पूर्ण पैसे परत करतो.’ सोबत क्यूआर कोड. स्कॅन करा, पिन टाका, रक्कम जमा होईल. मी पिनपर्यंत पोचलोही होतो. बायकोने हात धरला. म्हणाली, “पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.” तिचं बरोबर होतं. स्क्रीनवर बारीक अक्षरांत १६,७०० ‘पे’ असंच लिहिलं होतं. एकदा लुटलेल्या माणसाला परताव्याच्या आशेवर दुसऱ्यांदा लुटायचं, असा हा डाव.

त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदली, पण खात्यातले पैसे केव्हाच पुढे गेले होते. शंका आली त्या तासाला फोन केला असता, तर निदान काही रक्कम गोठवता आली असती. मी तीन दिवस लाजेने गप्प बसलो. कृपा करून तुम्ही बसू नका. पोलीस ठाण्यात मला सांगितलं गेलं, की घटना शिरपूर तालुक्यातली, तिकडे जा. तेव्हा मला माहीत नव्हतं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हे कलम लिहून नेलं, आणि तक्रार घेतली गेली.

ऑफिसात सांगितल्यावर एक सहकारी खुर्ची ओढून शेजारी बसला. त्याने याच माणसाकडे जैसलमेरच्या वाळवंटातला कॅम्प बुक केला होता. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत बायकोमुलांसह पोचला, तर त्या कॅम्पवर त्याच्या नावाची नोंदच नाही. दोन रात्रींचे पैसे पुन्हा भरले. त्यानेही लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने सांगितलं असतं, तर मी वाचलो असतो. मीही गप्प राहिलो, तर तोरणमाळला जाणारे अडकतील.

जायचंच असेल तर निघण्याआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतः फोन करा आणि पत्रावरचा जावक क्रमांक वाचून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. मासेमारीचं म्हणाल, तर आपल्याकडे बहुतेक धरणांतला मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकायचा की नाही, हे त्यांना विचारायचं, कुणा आयोजकाला नाही. तोरणमाळला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, रावेर तालुक्यातल्या पाल गावी वनविभागाचं विश्रामगृह आहे. तिथे राहूनही डोंगर तोच दिसतो. आणि कालच्या जाहिरातीत तोरणमाळपुढे ‘जि. धुळे’ लिहिलंय. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. तोरणमाळला खरंच माणसं नेणाऱ्याला एवढं ठाऊक असतं.

तंबू ठोकणाऱ्या त्या दोन पोरांना त्याने रोजचे चारशे कबूल केले होते, दिला एक रुपया नाही. निघताना मी दोघांच्या हातावर तीनशे-तीनशे ठेवले आणि थोरल्याला माझा नंबर दिला. परवा त्याचा फोन आला. तंबू चोपड्याच्या एका मंडपवाल्याचे होते, भाडं थकलंय, आणि मंडपवाला आता या पोराच्या घरी तगादा लावतोय, कारण सामान उचलायला तोच गेला होता. पोरगं घाबरलेलं आहे. पण त्या माणसाच्या गाडीचा नंबर त्याने तंबूच्या पिशवीवर कोळशाने लिहून ठेवलाय. सोमवारी सकाळी तो पहिल्या एसटीने अमळनेरला येतोय, पिशवी घेऊन. ठाण्यात आम्ही दोघं मिळून जाणार आहोत. अण्णाही येतो म्हणालेत.