पालथा घडा की गाडलेली नदी?

भूविज्ञानातल्या एमएस्सीच्या प्रबंधासाठी समुद्रातला सापळा (इंग्रजीत ‘ट्रॅप’, म्हणजे खडकात तेल-वायू अडकून साचतो ती जागा) निवडायचा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: अरबी समुद्रातलं मुंबई हाय आणि बंगालच्या उपसागरातल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं डी-६. (दख्खन ट्रॅपमधला ‘ट्रॅप’ निराळा बरं का, तो पायऱ्यांवरून आलाय.)

तेल पाण्याहून हलकं. स्रोत खडकातून, म्हणजे ते जिथे तयार होतं त्या खडकातून, सुटलं की पाण्याने भरलेल्या छिद्रांतून वर सरकत राहतं, कोणी अडवेपर्यंत. मुंबई हायला अडवणारा आहे घुमट, पुस्तकी भाषेत विमुखनती. पालथ्या घड्यावर पाणी ओतणं फुकट, पण त्याच्या खाली तेल मात्र छान साचतं. काठाचा टवका उडालेला असेल तर तिथवरच. पुढचं निसटून जातं. इथे चुनखडकाच्या वर शेलचं, म्हणजे चिखलाच्या घट्ट खडकाचं, झाकण आहे आणि पूर्वेची बाजू प्रस्तरभंगाने (खडक तुटून सरकल्याने) तुटलेली आहे. मुंबईपासून सुमारे १६० किमीवर, जेमतेम ७५ मीटर पाण्याखालचा हा घुमट साठच्या दशकातल्या सिस्मिक (ध्वनिलहरी जमिनीत सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या) सर्वेक्षणात दिसला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या तरंगत्या फलाटाने पहिली विहीर खोदली आणि तेल लागलं.

घुमट दिसायला सोपा, पण आतून तो एकसंध नाही. एल-३ या मुख्य थरात चुनखडकाच्या पट्ट्यांमध्ये शेलचे पापुद्रे आहेत, शिवाय शेलने भरलेली एक जुनी खाच उत्तर आणि दक्षिण भाग वेगळे करते. तेल ढकलायला पाणी सोडलं तर ते सगळ्या पट्ट्यांत सारखं धावत नाही. प्रबंधाचा खरा मसाला इथे आहे.

डी-६ मध्ये घुमटाचा आधार जवळजवळ नाहीच. गोदावरी-कृष्णेने आणलेली वाळू समुद्रतळावरच्या नाल्यांतून खोल पाण्यात उतरली, वर चिखल बसला, झाली गाडलेली नदी. सापळा वाकण्यातून नाही, तर वाळू संपून चिखल सुरू होण्यातून तयार झाला. सिस्मिक छेदावर वायूमुळे हे नाले चमकतात. हो, मुख्यतः वायू, तेलच हवं असेल तर हे क्षेत्र तुमच्यासाठी नाही. शोध २००२ चा, वायूचं उत्पादन एप्रिल २००९ पासून. पुढच्याच वर्षापासून ते घसरत गेलं. एक नाला दुसऱ्याला जोडलेला आहे की नाही, हे चमकेवरून कळत नाही.

हातात एकच सत्र आणि साधा संगणक असेल, तर मी मुंबई हाय घेईन. सिस्मिक आयामांवर (प्रतिध्वनींच्या जोरावर, म्हणजे त्या चमकेवर) हात बसलेला असेल आणि मार्गदर्शक त्यातला असेल, तरच डी-६. दोन्हीकडे डेटा मिळतोय का ते आधी बघा, शीर्षक नंतर ठरवा.

आणि मुंबई हाय घेतलंत, तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने खोलीच्या समोच्च रेषा काढा. स्वतःशीच मिटणारी सर्वांत खालची रेषा सापडली, की घड्याचा टवका कुठे आहे ते समजतं.