अक्कलदाढ काढली छान, पण आधी शिरेतून दिलेल्या स्टेरॉईडबद्दल कोणी काही सांगितलंच नाही

आडवी अडकलेली अक्कलदाढ काढायला एका ओरल सर्जरीच्या क्लिनिकमध्ये गेले होते, त्याचा हा रिव्ह्यू. सर्जनच्या हाताला खरंच तोड नाही. भूल नीट लागली, थोडं हाड घासून दाढेचे तुकडे करून काढले तरी दुखलं असं काहीच नाही, टाके व्यवस्थित, स्वच्छता एक नंबर. ५ पैकी ३ स्टार देतेय ते फक्त एका गोष्टीमुळे.

हाताला सुई लावली, असिस्टंटने सिरिंज जोडली, "सूज येऊ नये म्हणून देतोय हं" एवढंच म्हणाली आणि सगळं औषध एका दमात आत ढकललं. काही सेकंदांत मांड्यांच्या मध्ये, अगदी नाजूक जागी, मुंग्या आणि जळजळ अशी काही भडकली की मिरची लागावी तशी, मी खुर्चीत ताडकन उठून बसले. आजूबाजूला चार माणसं, सांगायचं तरी कसं आणि काय? मला वाटलं रिॲक्शन आली, आता घसा सुजणार, श्वास अडकणार. मिनिटभरात आपोआप गेलं, पण तेवढ्यात मी घामाने भिजले होते आणि असिस्टंट म्हणते, "होतं असं कधीकधी". अहो मग होतं हे माहितीये तर आधी सांगा ना!

टाके काढायला गेले तेव्हा सर्जनना सरळ विचारलं. ते मात्र नीट बोलले. औषध डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉईड, ८ मिलिग्रॅम. याचं फॉस्फेटवालं इंजेक्शन शिरेतून झटकन दिलं की ही जळजळ होऊ शकते, बायकांमध्ये जास्त दिसते, ॲलर्जीशी काही संबंध नाही आणि हेच औषध सलाईनमध्ये पातळ करून ५-१० मिनिटांत हळूहळू सोडलं तर हा त्रास सहसा होत नाही. पूर्ण भूल दिलेल्या पेशंटला झोपल्यावर देतात म्हणून त्याला काही कळत नाही, पण दाढ काढताना फक्त जबडा बधिर केलेला असतो, माणूस टक्क जागा असतो, म्हणजे इथे तर सांगायची जास्तच गरज.

बाकीचं घरी आल्यावर कळलं. संध्याकाळी चेहरा आणि कान लालबुंद, गरम, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. दुखतंय म्हणून नाही, डोकंच थांबेना, उगाच सगळी कपाटं आवरावीत असं वाटत होतं. स्टेरॉईडने झोप उडते, आणि डेक्साचं ८ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉईडच्या साधारण ५० मिलिग्रॅमच्या बरोबरीचं, शिवाय असर दीड-दोन दिवस राहतो. काहींना उचक्या लागतात, त्या पुरुषांमध्ये जास्त.

हे सगळं निदान आपोआप जातं. मला खरी काळजी वाटते शुगरवाल्यांची. फॉर्ममध्ये 'डायबेटिस आहे का' असा एक चौकोन होता, टिक करा की संपलं. पण या एका डोसनेसुद्धा शुगर चढते, आणि ती लगेच नाही तर काही तासांनी, त्यामुळे क्लिनिकमध्ये मोजलेली शुगर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही, पुढचा एक दिवस तरी घरी मोजत राहावं लागतं. त्यात तोंड दुखतंय म्हणून जेवण अर्धवट, गोळ्यांचं वेळापत्रक बिघडलेलं. अल्सर असेल तर तेही आधी सांगायला हवं कारण वरून पेनकिलर असतातच आणि दोन्ही मिळून पोटाला त्रास. काचबिंदू, टीबी, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तरी सांगा. हे कोणी विचारेल याची वाट बघू नका, आपणहून बोला.

आता हे वाचून कोणी इंजेक्शनच नको म्हणू नका प्लीज. दाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आणि माझा गाल तेव्हाही बऱ्यापैकी जागेवर होता, तोंड उघडत होतं, पातळ भात चमच्याने खाता येत होता. मळमळही नाही. एका डोसने चेहरा गोल होणं, वजन वाढणं, हाडं ठिसूळ होणं असलं काही होत नाही, ते महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांचं. बंद करताना डोस हळूहळू कमी करायची भानगडही नाही.

दुसऱ्या बाजूची दाढ अजून काढायचीये आणि ती इथेच काढणार. सर्जनना सांगून माझ्या फाईलवर लिहून घेतलंय, डेक्सा सलाईनमधून सावकाश, आणि शक्यतो सकाळची अपॉइंटमेंट. त्यांनी लगेच लिहिलं, वर आता सगळ्याच पेशंटना आधी सांगायला लावतो म्हणाले. तसं झालं की उरलेले दोन स्टार इथेच येऊन देईन.