शिंगाची मूठ म्हणून प्लॅस्टिक दिलं, आणि बाबांच्या वस्तऱ्याचं पाणी उतरवलं

घरातला जुना वस्तरा कुणाकडे दुरुस्तीला द्यायचं मनात असेल, तर आधी माझं काय झालं ते वाचा. साडेचार हजार गेले ते मी कमवीन. पातं मात्र गेलं ते गेलंच.

मालवणात आमचं केशकर्तनालय आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. दुकानात आता आम्ही अर्धं ब्लेड बसवायचा वस्तराच वापरतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड. बाबांचा वस्तरा मी फक्त स्वतःच्या दाढीला ठेवला होता. जर्मनीतल्या सोलिंगेनचा, पाच सुती (म्हणजे पातं पाच अष्टमांश इंच रुंद), दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेला. अंगठ्याच्या नखाने पातं हलकेच छेडलं की बारीक नाद यायचा. त्या नादावरून बाबा मला पातं ओळखायला शिकवायचे.

मूठ सेल्युलॉइडची होती, पिवळी पडून तडकलेली. सेल्युलॉइड जुनं झालं की विरायला लागतं, त्यातून आम्ल सुटतं आणि मुठीत मिटलेल्या पात्याला गंज धरतो. त्यात आमची खारी हवा. पावसाळ्यात तेलाचा हात चुकला की दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके दिसायचे. म्हणून मूठ बदलायची ठरवली, आणि बदलायचीच तर म्हशीच्या शिंगाची.

ओळखीतल्या एकाने माणूस सुचवला. आमच्या घरात विजयदुर्गाकडचं शिंगकाम पिढीजात, असं तो म्हणाला. त्या भागात शिंगाच्या वस्तू बनत, हे मला ठाऊक होतं, म्हणून विश्वास बसला. त्याने शिंगाची पट्टी दाखवली. मी घरी आणून सुई तापवून तिच्या कडेला टेकवली. केस जळल्याचा वास आला. शिंग आणि केस दोन्ही केराटिनचेच, आणि हा वास माझ्या धंद्यातला, त्यात माझी चूक होणार नाही. पट्टी अस्सलच होती. तिच्यावर मी दोन हजार आगाऊ दिले.

तेव्हाच तो हळूच म्हणाला, "गव्याच्या शिंगाची होयी तर ती पण मिळतली, पैसे वायच जास्ती पडतले." मी नको म्हटलं. गवा १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या शिंगाचा व्यापार गुन्हा आहे. पण नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं, वस्तरा उचलून तिथूनच परतायला हवं होतं. असला माल सहज देऊ करणारा माणूस माझ्याशी सरळ का वागेल?

महिन्याचे पाच महिने झाले. मध्ये शिंगाला चीर गेली म्हणून हजार मागितले, पितळी खिळे आणि पॉलिशचे म्हणून दीड हजार. फोन केला की एकच उत्तर, "भाऊ, शिंगाचा काम घाईचा नाय."

वस्तरा आला तो आरशासारखा चकचकीत. घरच्यांना आवडला. मी उन्हात धरला. शिंग पातळ कडेला उजेडात मधासारखं तपकिरी दिसतं, आत तंतूंच्या रेघा असतात. ही मूठ सगळीकडून सारखीच काळी. सुई लावली तर घशात खवखवणारा वास आला, आणि सुई उचलताना मागे तार ओढली गेली. प्लॅस्टिक.

तरीही मुठीचं दुःख मोठं नाही, ती दुसरी बसवता येते. पात्याच्या टोकाकडे बोटभर निळसर-जांभळा पट्टा होता, तो बघून मी मटकन खाली बसलो. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी देऊन कडक केलेलं असतं. ग्राइंडरवर ते तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. पातळ पातं तर क्षणात तापतं. त्यात त्याने पाठही एका बाजूने खाल्ली होती. वस्तरा दगडावर धरताना पाठ आणि धार दोन्ही टेकतात, धारेचा कोन पाठच ठरवते. ती वाकडी झाली की धार सरळ लागत नाही. तरी मी दोन तास दगडावर बसलो, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. एका गालाची दाढी होईपर्यंत टोकाकडची धार वळली. नखाने छेडलं, तर तो नादही नाही.

फोनवर म्हणाला, "जुन्या पात्याक तसाच होता." नंतर फोन बंद.

तर कुणी देणारच असाल, तर पातं हातचं सोडू नका. मुठीचं माप कागदावर उतरवून द्या, मूठ करून आणू दे, खिळे तुमच्या समोर ठोकू दे. पातं साफ करायचंच असेल तर हाताने, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदाने. ग्राइंडरचं नाव निघालं की वस्तरा परत घ्या. मी शिंग पारखत बसलो आणि पात्याला तो काय करणार, हे विचारलंच नाही. देण्याआधी दोन्ही बाजूंचे, नावाच्या ठशाचे फोटो काढा. माझ्याकडे एक जुना फोटो निघाला आणि पैसे फोनवरून पाठवल्याच्या नोंदी आहेत, तेवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहितोय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी विचारून घेतलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही.

प्लॅस्टिकची मूठ मी खिळे कापून काढली, ती पुरावा म्हणून पाकिटात आहे. पातं बाबांच्या खणात, तेलाच्या फडक्यात. पॉलिशचं चाक फिरवून त्याने ठसाही पुसलाय. सोलिंगेनमधली शेवटची तीन अक्षरं तेवढी बोटाला लागतात.