मातीच्या भिंतीला झिरी न मारणारे वायरमन

आमचं घर वाईत, गंगापुरीत. मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया आणि आजेसासऱ्यांच्या काळातलं वायरिंग: लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपा ठोकून नेलेली रबरी वायर, गोल ठोकळ्यांवर काळी बटणं, मीटरखाली चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. गेल्या उन्हाळ्यात या वायरमनकडून ते सगळं बदलून घेतलं. पावसाळा सरल्यावर लिहितेय, कारण आमच्याकडे वायरिंगची परीक्षा आषाढ-श्रावणातच होते.

आधी दुसऱ्या एकाने कन्सील्डचं, म्हणजे भिंतीत खाच पाडून पाइप आत गाडण्याचं कोटेशन दिलं होतं, यांच्याहून स्वस्त. हे आले, भिंतीत जरासा स्क्रू ड्रायव्हर खुपसला आणि म्हणाले, "वहिनी, हिला झिरी मारायची नाही. टीचभर पाइपसाठी हातभर भिंत खाली येईल." मग तुळयांच्या कडेने आणि खांबांमागून पीव्हीसी पाइप नेले, पाइप धरणारे सॅडल शक्यतो लाकडातच ठोकले. पाइप दिसतात. तपकिरी ऑइलपेंट मारल्यावर कमी दिसतात, पण दिसतात. ज्यांना गुळगुळीत भिंत हवी त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये.

जुनी वायर काढताना रबराचा नुसता भुगा हातात येत होता. आतलं तांबं पांढरट, कल्हई केलेलं. रबरातल्या गंधकाने ते खराब होऊ नये म्हणून तशी पद्धत होती म्हणे. एका किटकॅटमध्ये फ्यूज वायरच्या जागी कुणीतरी चांगली जाड तार अडकवून ठेवली होती. म्हणजे फ्यूज कधी उडत नव्हता याचं आम्हाला जे कौतुक होतं, ते असं.

आता दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर, मोठ्या प्लगना २.५ आणि गिझरला ४ ची स्वतंत्र लाइन. प्रत्येक प्लगला हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग. आधी तीन पिनांचे प्लग होते खरे, पण वरच्या भोकाला मागे काही जोडलेलंच नव्हतं. परसात खड्डा घेऊन कोळसा-मिठात पाइप पुरला. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला सांगितलंय.

यांना खरे मार्क मी देते ते पुढच्या भानगडीसाठी. एमसीबीबरोबर (फ्यूजच्या जागी आलेले, आपोआप पडणारे स्विच) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा डबा, बसवला आणि रोज पहाटे कुणी गिझर लावला की अख्खं घर अंधारात. सासूबाई म्हणाल्या, जुनंच बरं होतं. शेजारच्यांनी 'तो डबा बायपास करून टाका' असा सल्ला दिला. यांनी साफ नकार दिला. मेगर, म्हणजे वायरमधून करंट गळतो का ते मोजायचं यंत्र, आणून एकेक लाइन तपासली. वायरिंग ठणठणीत, गिझरचं एलिमेंट लीक. त्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून आम्ही कित्येक वर्षं न्हाणीघरात स्लिपर घालून जात होतो! एलिमेंट बदललं, डबा पडायचा थांबला. सबंध पावसाळ्यात तो एकदाच पडला, आणि तेव्हा परसातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी गेलं होतं.

पैशांचं म्हणाल तर मजुरी पॉइंटवर. सामानाची यादी देतात, दुकानातून आपण आणायचं, आयएसआय मार्क बघून. त्यात यांचं कमिशन नाही, निदान मला तरी दिसलं नाही. अर्थिंगचा खड्डा आणि वाढीव पॉइंट धरून बिल अंदाजाच्या वर गेलं, पण प्रत्येक वाढ आधी विचारून.

तक्रारी आहेत. लग्नसराईत 'उद्या येतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की फोन करणंच सोडलं होतं. माजघर बरेच दिवस एका बल्बवर होतं. काढलेल्या पट्ट्या खिळ्यांसकट अंगणात टाकून गेले, त्या आम्हीच उचलल्या. डीबीवर, म्हणजे हे सगळे स्विच बसवलेल्या पेटीवर, बॉलपेनने लिहिलेली इंग्रजी आद्याक्षरं त्यांची त्यांना तरी लागतात का, देव जाणे. मी त्यावर 'देवघर', 'माजघर', 'माळा' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या.

काम द्यायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच गाठा, लग्नाचे मुहूर्त सुरू व्हायच्या आत. शेवटचा हप्ता टेस्ट रिपोर्ट हातात पडल्यावरच द्या. महावितरणकडे मंजूर भार वाढवायला आम्हाला तो लागला, आणि यांचं लायसन्स असल्यामुळे तो मिळालाही. पाचपैकी चार. एक कापला तो 'उद्या'चा.