प्रचार सांभाळणारी एजन्सी : पाचपैकी दीड तारा

वहिनी नगरपरिषदेला अपक्ष उभ्या होत्या. पैसे मी हाताळत होतो, एजन्सीही मीच शोधली, त्यामुळे हे गाऱ्हाणं अर्धं माझ्याच नावावर. एजन्सीचं नाव लिहीत नाही, बिलाचा वाद अजून मिटायचाय.

पॅकेज ८५ हजारांचं, ६० टक्के आगाऊ. बॅनर-पत्रकांचं डिझाइन, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, रिक्षावरची क्लिप आणि मतदार चिठ्ठ्या. ब वर्ग नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा साडेतीन लाख, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा यांनाच गेला.

चिन्हवाटप २६ नोव्हेंबर २०२५ ला, मतदान २ डिसेंबरला. पक्षवाल्यांची चिन्हं लोकांना पाठ असतात. अपक्षाला मात्र पाच-सहा दिवसांत आपलं चिन्ह घरोघर पोचवावं लागतं, त्यासाठीच तर एजन्सी केली. वहिनींना कपबशी मिळाली. आम्ही खूश! चहा होत नाही असं घर प्रभागात सापडायचं नाही.

रात्री साडेबाराला डिझाइन आलं. वहिनींचा फोटो झकास, शेजारी वाफाळणारा निळा मग. कॉफीचा, जाडजूड, कानवाला. मी डोळे चोळत अंगठा पाठवला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका आजींनी पत्रक चष्म्याजवळ नेलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "अन् बशी कुठाय रं?" वहिनींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळपासून आम्ही घरातली खरी कपबशी हातात धरून फिरलो. अख्ख्या प्रचारात कामाला आलेली वस्तू तीच.

एजन्सीच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सर, अप्रूव्हल तुमचंच आहे." वर माझ्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट. खरंच होतं, काय बोलणार? पण चिन्ह मतपत्रिकेवर कसं दिसतं ते बघायला पैसे कुणी घेतले होते?

चिठ्ठ्यांचं वेगळंच. त्या प्रारूप यादीवरून काढलेल्या, अंतिम यादीत अनुक्रमांक सरकलेले. शिवाय आमच्याकडे तीन मतं द्यायची होती, नगराध्यक्षाला एक आणि प्रभागातल्या दोन जागांना एकेक. वहिनींची जागा 'अ' हे चिठ्ठीवर कुठेच नाही. शेवटी आदल्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे बसून आम्हीच नव्या काढल्या. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायचं राहिलं, तर विचारणा वहिनींना झाली. एजन्सी कुठल्याच कागदावर नव्हती. खर्चाचा हिशेबही उमेदवारानंच द्यायचा असतो.

मतमोजणी पुढे ढकलून २१ डिसेंबरवर गेली. त्या मधल्या दिवसांत यांनी बावीस पानांचा रंगीत अहवाल पाठवला. 'रीच' म्हणे १ लाख ४० हजार. प्रभागात मतदार पाच हजारही नाहीत!

वहिनी तिसऱ्या आल्या. कॉफीचा मग छापला नसता तर निवडून आल्या असत्या, असं मी म्हणणार नाही. पहिल्या नंबरवर आलेल्या बाई दोन उन्हाळे टँकरमागे धावत होत्या, आम्ही भाऊबीज उरकल्यावर जागे झालो. ते काही एजन्सीचं पाप नव्हे.

दीड तारा कशाला, असं विचाराल. एक तारा रिक्षाच्या क्लिपला. चाल इतकी छान की पोरं अजून गुणगुणतात. अर्धा त्या ड्रायव्हरला, त्यानं 'कपबशी' शब्द आला की स्वतःहून आवाज वाढवला.

बाकीचे ३४ हजार मागतायत. चिठ्ठ्यांचं झेरॉक्सचं बिल वजा करून घ्या म्हटलंय. अजून उत्तर नाही.