आय३५०-टी४: लॅनवरून सर्व्हर बूट करायला हे कार्ड कसं आहे?

मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट निकामी झाला असेल किंवा दुसऱ्या कामात गुंतला असेल आणि सर्व्हर डिस्कशिवाय चालवायचा असेल, तर इंटेलचं आय३५०-टी४ खात्रीने घ्यावं. चार गिगाबिट पोर्ट आणि पीसीआय एक्सप्रेसचा एक्स४ स्लॉट, एवढंच त्याचं मागणं. बूटसाठी १० गिगाबिटच्या कार्डावर पैसे घालवू नका. टीएफटीपी (बूटच्या फाइली नेटवर्कवरून आणायची साधी पद्धत) मुळात ५१२ बाइटचा एकेक तुकडा पाठवतं आणि प्रत्येकाची पोच मिळेपर्यंत थांबतं. वेग हवा असेल तर टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्राम आणा, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) एचटीटीपीवरून ओढा.

खरी अडचण सुरुवातीलाच येते. लिंकचा दिवा लागतो, पण बूट मेन्यूत कार्ड दिसतच नाही. आधी बायॉसमध्ये त्या स्लॉटचा ऑप्शन रॉम, म्हणजे कार्डावरचा बूट प्रोग्राम, चालू आहे का ते बघा. तो चालू असूनही कार्ड दिसत नसेल, तर कार्डावरचा फ्लॅश (हा प्रोग्राम साठवणारी मेमरी) बंद असू शकतो. इंटेलच्या बूटयूटिल या टूलने तो चालू करा, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि मगच बूट इमेज चढवा. लेगसी (जुनी बायॉस पद्धत) आणि यूईएफआय (नवी पद्धत) दोन्ही असलेली इमेज घेतलेली बरी. सर्व्हर कंपनीच्या नावाने आलेलं कार्ड असेल तर फर्मवेअरही त्याच कंपनीचं वापरा.

लेगसी मोडमध्ये एकाच पोर्टवर पीएक्सई, म्हणजे लॅनवरून बूट करायची सोय, ठेवा. चारही चालू असले की प्रत्येक पोर्टची वाट बघण्यात वेळ जातो. शिवाय ऑप्शन रॉमसाठी जेमतेम १२८ केबी जागा असते आणि त्यात डिस्प्ले आणि रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाचाही वाटा असतो. जागा अपुरी असल्याचा संदेश आला तर नको असलेले रॉम बंद करा.

बूट होताना पीएक्सई-ई६१ हा एरर कोड आला तर केबल तपासा. ई५१ म्हणजे डीएचसीपीचं (मशीनला आयपी पत्ता देणाऱ्या सेवेचं) उत्तर आलेलं नाही. इथे बहुतेक जण सर्व्हर उलटापालटा करतात, पण दोष अनेकदा स्विचचा असतो: जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या स्विचच्या व्यवस्थेत) पोर्ट खुला व्हायला ३० सेकंद लागतात. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारी सेटिंग) लावा. ई५३ म्हणजे डीएचसीपीने फाइलचं नाव दिलेलं नाही. फाइल देताना डीएचसीपीच्या विनंतीतला ऑप्शन ९३ (मशीनचा प्रकार) पाहून द्या: ० आला तर लेगसीची, ७ आला तर ६४ बिट यूईएफआयची. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेली फाइल चालणार नाही.

कर्नल आल्यावर नेटवर्क गायब झालं तर इनिटआरडीत आयजीबी मॉड्यूल (या कार्डाचा ड्रायव्हर) आहे का पाहा. चार पोर्टांपैकी आपण कुठल्या पोर्टवरून आलो हे कर्नलला आपोआप कळत नाही. पीएक्सईलिनक्स या बूट लोडरच्या कॉन्फिग फाइलीत ‘आयपीअपेंड २’ लिहिलं की बूट झालेल्या पोर्टचा मॅक (हार्डवेअर) पत्ता ‘बूटआयएफ’ म्हणून कर्नलच्या ओळीत जातो. आयपीएक्सईत मात्र तो स्वतः लिहावा लागतो, सुरुवातीला ०१ आणि मधे डॅश देऊन.